बॅकपॅकिंगला जाताना गन सोबत घ्यावी का? (विंड रिव्हर, वायोमिंग)

ओढ्याकाठचा
मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं विंड रिव्हर रेंजमध्ये बॅकपॅकिंगला निघालोय. पाइनडेलजवळच्या एल्कहार्ट पार्क ट्रेलहेडवरून आत शिरायचं, आयलंड लेकला मुक्काम, तिथून टिटकॉम्ब बेसिन बघून परत. तिकिटं झाली, सामान जमलं, गाडं अडलंय एकाच गोष्टीवर. आमच्यातला एक मित्र इथला सिटिझन आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे, आणि ग्रिझली अस्वलांच्या मुलखात मी ते घेतल्याशिवाय येणार नाही असं त्याचं ठाम म्हणणं. दुसऱ्या मित्राची बायको म्हणते गन येणार असेल तर आम्ही दोघं येत नाही. मी मध्ये लटकलोय.
माझं मत विचाराल तर रानात आपण पाहुणे, पाहुण्याने हत्यार घेऊन जाऊ नये. पण उद्या खरंच अस्वल समोर आलं तर हे मत काय कामाचं, हेही कळतं. ज्यांनी ग्रिझलीच्या भागात तंबू टाकलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. मी एच१बीवर आहे, त्याने काही फरक पडतो का तेही सांगा.

मोगरा_८१
वाचतेय. आम्हालाही पुढच्या वर्षी तिकडेच जायचंय.

डेन्व्हरची_काकू
बेअर स्प्रे घ्या, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट मिरचीचा फवारा, गन नको. प्रत्येकाच्या कमरेला एक स्प्रे, चौघात एक नव्हे. बाकी संध्याकाळी लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

टेक्सासचा_पाटील
काकू, तुमचा आदर राखून असहमत. मी अलास्कात फिरलोय, तिथले गाईड बारा बोअरची शॉटगन स्लग भरून खांद्याला लावतात ती हौस म्हणून नाही. ज्याला चालवता येते, जो नियमित नेमबाजीच्या रेंजवर जातो, त्याने न्यावी. ज्याने आयुष्यात कधी ट्रिगर दाबला नाही त्याने हातही लावू नये. तुमचा मित्र कुठल्या प्रकारात बसतो ते आधी बघा, त्यावर सगळं अवलंबून. आणि कुठलं पिस्तूल आहे? नाइन एमेमच्या साध्या गोळ्या ग्रिझलीसाठी कमीच, तिकडे लोक टेन एमेम नाहीतर फोर्टी फोर मॅग्नम नेतात, तेही हार्ड कास्ट गोळ्यांसकट.

कायदेपंडित_नव्हे
एच१बीचा प्रश्न आधी मिटवू, कारण तो गमतीचा नाही. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात (टायटल १८, कलम ९२२ जी ५) नॉन इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे. एच१बी, एफ१, एल१ सगळे त्यात आले. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही. अपवाद मोजके, त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा एकच, वैध हंटिंग लायसन्स. आता नीट ऐका. मित्र तळ्यात उतरला आणि "जरा धर रे" म्हणून पिस्तूल तुमच्या हातात दिलं, तर तेवढंसुद्धा पझेशन, म्हणजे जवळ बाळगणं, मानलं जाऊ शकतं. एकाच तंबूत तुमच्या उशाशी ठेवलं तर तुम्ही उत्तर देत बसाल. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि शिक्षा राहू द्या, व्हिसाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. गन आलीच तर ती त्याच्याच अंगावर राहील आणि झोपेल त्याच्याच तंबूत, हे निघायच्या आधी चौघांत बोलून घ्या.
वायोमिंगमध्ये पर्मिट नसतानाही कन्सील्ड कॅरी, म्हणजे कपड्याआड गन बाळगणं, चालतं, २०२१ पासून बाहेरच्या राज्यातल्यांनाही. नॅशनल फॉरेस्टमध्ये गन नेता येते. म्हणजे तुमच्या मित्राच्या बाजूने कायद्याची अडचण जवळजवळ नाही. विमानाने नेणार असेल तर रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक्ड बॅगेत आणि काउंटरवर आधी सांगून.

ओढ्याकाठचा
बापरे, हे माहीतच नव्हतं. रेंजवर ऑफिसचे लोक बोलवत असतात, ते पण नाही चालत?

कायदेपंडित_नव्हे
हंटिंग लायसन्स नसेल तर नाही. बरेच जण जातात, कोणी विचारत नाही, पण कोणी विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही.

ठासणीवाला
आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना असतो, घराघरात ठासणीची बंदूक. डुकरं, माकडं भात नि केळी ठेवत नाहीत म्हणून. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर रांगेत उभं राहून परत आणायची. लहानपणापासून बंदूक बघितलेली असल्याने मला तिचं अप्रूप नाही नि भीतीही नाही. पण एक सांगतो, रात्री झाडीत काहीतरी हललं की हातात बंदूक असलेला माणूस वेगळा वागतो. डुक्कर समजून माणसावरच बार काढल्याच्या बातम्या आमच्याकडे अधूनमधून येतात, आणि ते लोक नवखे नसतात, पिढ्यान् पिढ्या शिकार बघितलेले असतात. तुमच्या चौघांतला एक जण रात्री लघवीला उठून परत येताना तंबूची दोरी अडकून धडपडला तर पिस्तूलवाल्या मित्राला झोपेत काय वाटेल, याचा विचार करा. मला अस्वलापेक्षा ते जास्त भीतीदायक वाटतं.

मोगरा_८१
ठासणीवाला +१. हे डोक्यातच आलं नव्हतं.

डेन्व्हरची_काकू
आले. आता सविस्तर.
टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या घटना गोळा करून दोन अभ्यास केले. २००८ च्या अभ्यासात स्प्रे वापरलेल्या ८३ घटना होत्या, त्यात ब्राउन बेअरच्या (ग्रिझली त्यातलाच) बाबतीत ९२ टक्के वेळा अस्वलाचं नकोसं वागणं थांबलं, आणि जवळून गाठ पडलेल्या स्प्रेवाल्यांपैकी ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात बंदुकीच्या २६९ घटना. त्यात बंदूक चालवणारे आणि जवळ असूनही न चालवलेले, यांच्या इजा होण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. माझ्यासाठी तो आकडा पुरेसा आहे.
आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. ग्रिझली ताशी ५० किमीच्या वर धावतो, म्हणजे सेकंदाला चौदा पंधरा मीटर. वळणावर तीस मीटरवर दिसला आणि धावून आला तर तुमच्याकडे दोन सेकंद. त्या दोन सेकंदात पिस्तूल काढायचं, खालीवर उडणाऱ्या डोक्यावर नेम धरायचा, की समोर नारंगी ढग उभा करायचा? स्प्रेला नेम लागत नाही, जमिनीकडे थोडा झुकवून दाबायचा, अस्वल त्या ढगातून यायला हवं. पण स्प्रे पॅकच्या आत ठेवलात तर त्याचा उपयोग शून्य. हिपबेल्टवर किंवा छातीच्या पट्ट्यावर, उजव्या हाताला सहज येईल असा. वर सेफ्टी क्लिप असते, अंगठ्याने मागे ओढून काढायची. ती घरी डोळे मिटून काढता आली पाहिजे. सरावासाठी मिरची नसलेले डबे मिळतात, त्यातला एक आणून अंगणात चौघांनी एकेकदा दाबून बघा. किती लवकर संपतो ते बघून धक्का बसेल, साधारण सहा सात सेकंदाचाच माल असतो.

टेक्सासचा_पाटील
काकू, अभ्यास मीही वाचलेत. पण ते दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. स्प्रेच्या घटनांत बरीच अस्वलं हल्ला करणारी नव्हतीच, कुतूहलाने किंवा खाण्याच्या वासाने जवळ आलेली होती. बंदुकीच्या घटना १८८३ पासूनच्या, नोंदींतून आणि पेपरांतून काढलेल्या, आणि पेपरात येतं ते रक्त सांडलं तरच. ज्याने एक गोळी झाडली, अस्वल पळालं आणि तो घरी जाऊन जेवला त्याची बातमी कोण छापणार? आणि त्याच अभ्यासात पिस्तूल ८४ टक्के वेळा यशस्वी ठरलं असंही आहे, ते कोणी सांगत नाही. २०१० मध्ये अलास्कातल्या देनाली नॅशनल पार्कात दोघा हायकर्सवर ग्रिझली धावून आला, एकाने पॉइंट फोर्टी फाइव्हच्या नऊ गोळ्या झाडल्या, दोघं सुखरूप, अस्वल नंतर मेलेलं सापडलं. आणि वारा? टिटकॉम्बसारख्या उघड्या खोऱ्यात वारा तोंडावर आला तर तो ढग तुमच्याच डोळ्यात.

डेन्व्हरची_काकू
पाटील, तुलनेचा मुद्दा मान्य, तो लेखकांनीही झाकलेला नाही. वाऱ्याचं मात्र उत्तर त्याच २००८ च्या अभ्यासात आहे, ७ टक्के घटनांत वाऱ्याने त्रास दिला, तरी स्प्रे प्रत्येक वेळी अस्वलापर्यंत पोचला होता.
देनालीच्या घटनेत माणसं वाचली याचा आनंदच आहे. पण एक अस्वल मेलं. स्प्रेने ते डोळे चोळत पळालं असतं आणि पुढच्या वर्षी माणसापासून लांब राहिलं असतं. अलास्का सोडून बाकी अमेरिकेत ग्रिझली १९७५ मध्ये संरक्षित यादीत घातला, गोळी घातलीत तर कळवावं लागतं, चौकशी होते, स्वतःचा जीव वाचवण्यासाठीच घातली हे तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. मला तर असं वाटतं की आपण त्यांच्या घरात सुट्टीला जातोय, त्यांनी त्यासाठी का मरायचं.

सातपुड्याचा_वाटसरू
ग्रिझली बघितला नाही, पण आमच्या मेळघाट-बुलढाण्याकडचं अस्वल म्हणजे चेष्टा नव्हे. मोहफुलांच्या दिवसात पहाटे बायाबापड्या फुलं वेचायला जातात, वाकलेल्या असतात, अस्वलही तिथंच मोहफुलं खायला आलेलं, नि दोघांची गाठ समोरासमोर. ते थेट चेहऱ्यावर, डोक्यावर येतं. असं वाचलेल्या माणसांचे चेहरे मी जवळून पाहिलेत, एका आजोबांचा डावा डोळा आणि गालाचं हाड गेलेलं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा मोहफुलांना गेले, पोटच तसं आहे. या लोकांच्या हातात काय असतं? काठी, कुऱ्हाड आणि आवाज. एकटं जायचं नाही, बोलत, खाकरत, काठी आपटत जायचं. वनरक्षकसुद्धा काठी घेऊनच गस्त घालतात. जनावराला तुम्ही येताय हे कळलं की नव्वद वेळा तेच बाजूला होतं. हे शहाणपण तिकडेही लागू पडत असणार.

डेन्व्हरची_काकू
तंतोतंत लागू पडतं. इथेही वळणावर, ओढ्याच्या आवाजाजवळ, दाट विलोच्या झुडपांत मोठ्याने बोलत जायचं. घुंगरांच्या बेअर बेल विकतात त्यांचा आवाज फार लहान, त्यावर भिस्त ठेवू नका.

चकली_इन_शिकागो
आम्ही ग्लेशियर नॅशनल पार्कला आरत्या म्हणत चाललो होतो, टाळ्यांसकट. अस्वल एकही दिसलं नाही, मागून येणारं जर्मन जोडपं मात्र तिसऱ्या दिवशी आरतीला उभं राहायला लागलं.

सह्यवेडी_पुणे
चकली, भारीच :) थोडं अवांतर. इकडचं कोणी विचारेल म्हणून लिहिते, सह्याद्रीत हा प्रश्नच येत नाही. हरिश्चंद्रगड, कळसूबाईचा परिसर अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, नॅशनल पार्कलाही तेच. आणि इथे माणसं मरतात ती दरीत पडून, ओढ्याच्या पाण्यात वाहून, उन्हाने, नाहीतर आग्या मोहोळाने. मधमाश्यांना कुठली गोळी घालणार? तिकडेही बघा, अस्वलाच्या नादात नदी ओलांडणं, वीज, थंडी याकडे दुर्लक्ष होत नाही ना.

ओस्लोकर
सह्यवेडींचं बरोबर आहे, पण एक ठिकाण असं आहे जिथे माझं मत उलटं आहे. स्वालबार्ड, नॉर्वेची उत्तर ध्रुवाकडची बेटं. लाँगइयरब्येनच्या वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला हुसकावायचं साधन जवळ असलंच पाहिजे असा नियम, आणि बंदूकही ठेवा असं प्रशासन सांगतं. गाईडच्या पाठीला रायफल, कमरेला फ्लेअर गन. तंबूभोवती तारेचा सापळा लावतात, तार ओढली गेली की बार उडतो, शिवाय रात्रभर पाळीपाळीने पहारा. रात्रभर म्हणजे उन्हात, कारण उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. ध्रुवीय अस्वल माणसाला कधी कधी खाद्य म्हणूनच बघतं, म्हणून हे. तरीही तिथे पहिला नियम लांब राहण्याचाच, २०२५ पासून किमान ३०० मीटर, मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर. रायफल अगदी शेवटची. म्हणजे "गन न्यावी का" याला एक उत्तर नाही, कुठलं जनावर आणि कुठला मुलूख ते बघावं लागतं.

टेक्सासचा_पाटील
ओस्लोकर, मी हेच म्हणतोय. कॅलिफोर्नियात योसेमिटीला जाणाऱ्याला मीही गन नको म्हणेन, तिथे ग्रिझली उरलाच नाही, फक्त झेंड्यावर आहे.

बे_एरियाचा_बाळ्या
योसेमिटीत तर स्प्रेलाही बंदी आहे. तिथे फक्त बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारा खाण्याचा डबा, आणि आत लसणाची चटणी.

निळी_सॅक
बायकांच्या बाजूने लिहिते. मी एकटी हायकिंग करते, आणि खरं सांगायचं तर मला अस्वलाची भीती वाटत नाही, माणसाची वाटते. २०१९ मध्ये अपालाचियन ट्रेलवर व्हर्जिनियात एकाने सुरा घेऊन हल्ला केला, एका हायकरचा जीव गेला. ती बातमी वाचल्यावर घरच्यांनी गन घे म्हणून धोशा लावला. मी बराच विचार केला आणि नाही घेतली. तो ट्रेल १४ राज्यांतून जातो, प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, न्यू जर्सीत पाऊल टाकलं की व्हर्जिनियात चालणारी गोष्ट गुन्हा ठरू शकते. ट्रेल सांभाळणारी संस्थाही गन नेऊ नका असंच सांगते. आणि जो माणूस गोड बोलत चुलीपाशी येऊन बसतो त्याच्यावर मी कधी पिस्तूल रोखणार? आधी रोखलं तर मी गुन्हेगार, नंतर रोखायला वेळ नाही.
मी काय करते ते सांगते. रस्त्याजवळच्या शेल्टरला मुक्काम करत नाही, लोकेशन लाइव्ह टाकत नाही, कोणी विचारलं तर "मागून माझे लोक येतायत" म्हणते. मन खात असेल तर अंधारातसुद्धा सामान उचलून पुढे जाते, कोणाला वाईट वाटेल याचा विचार करत नाही. आणि सॅटेलाइट मेसेंजर, घरी रोज एक मेसेज. पुरुष मंडळींना हे जास्तीचं वाटेल, पण आम्हाला असंच फिरावं लागतं आणि फिरणं सोडायचं नाहीये.

मोगरा_८१
निळी_सॅक, यावर वेगळा धागा काढा ना, खूप जणींना उपयोग होईल.

टेक्सासचा_पाटील
निळी_सॅक, यात जास्तीचं काहीच नाही. माझ्या मुलीला वाचायला देतोय.

भडंगप्रेमी_सांगली
तुम्ही लोक जेवायला काय नेता पण? अस्वलाला भडंगाचा वास आवडेल का, हा माझा प्रामाणिक प्रश्न.

डेन्व्हरची_काकू
भडंग, ठेपले, लोणचं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, सगळ्याचा वास येतो आणि सगळं कॅनिस्टरमध्ये. ब्रिजर टेटन फॉरेस्टमध्ये खाणं नियमाप्रमाणेच ठेवावं लागतं. तंबूपासून शंभर पावलं लांब स्वयंपाक, तिसरीकडे कॅनिस्टर. ज्या कपड्यात फोडणी दिली त्यात झोपायचं नाही. मोठा कॅनिस्टर साधारण सव्वा किलोचा, आणि गोळ्या भरलेलं टेन एमेमचं पिस्तूलही जवळपास तेवढंच. पाठीवर एकाच गोष्टीला जागा असेल तर मी बिनदिक्कत कॅनिस्टर घेईन, कारण अस्वल तंबूत येतं ते खाण्यापायी.
आणि हो, काही जण स्प्रे डासांच्या औषधासारखा तंबूवर मारून ठेवतात. चुकूनही करू नका, वाळलेल्या मिरचीच्या वासाने अस्वल उलट जवळ येतं.

सातपुड्याचा_वाटसरू
आणि गाठ पडलीच तर? झोपून राहायचं म्हणतात ते खरं का?

डेन्व्हरची_काकू
ग्रिझलीने दचकून, पिलांपायी हल्ला केला आणि अंगावर आलाच तर पालथं पडायचं, सॅक पाठीवरच ठेवायची, हात मानेमागे, पाय फाकवून, म्हणजे त्याला उलटवता येत नाही. तो गेल्याची खात्री होईपर्यंत हलायचं नाही. ब्लॅक बेअर असेल तर उलट, जिवाच्या आकांताने लढायचं. रात्री तंबूत शिरला तर कुठलाही असो, लढायचंच. पळायचं मात्र कधीच नाही.

टेक्सासचा_पाटील
यावर काकूंशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो, सप्टेंबर म्हणजे तिकडे एल्कची (मोठं हरीण) शिकार सुरू. शिकारी एल्क सोलून आतडी तिथेच टाकून जातात, त्यावर ग्रिझली येतात. झुडपात कावळे, मॅगपाय गोळा झालेले दिसले किंवा सडका वास आला तर त्या बाजूला जाऊ नका. नारंगी टोपी किंवा जाकीट घाला. शिकाऱ्यांनाही तुम्ही दिसायला हवेत.

ओढ्याकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौघं बसलो, हा धागा मोठ्याने वाचून काढला. एच१बीचा भाग वाचल्यावर मित्रच गप्प झाला, आमच्यातले तिघं व्हिसावर आहेत हे त्याच्याही डोक्यात नव्हतं. पाटीलसाहेबांचा प्रश्न त्याला विचारला, रेंजवर शेवटचा कधी गेलास, तर उत्तर आलं नाही. ठासणीवाल्यांच्या तंबूच्या दोरीवर मात्र बराच वेळ बोलणं झालं.
पिस्तूल घरी राहतंय. चार स्प्रे, दोन कॅनिस्टर, नारंगी टोप्या, एक सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने. मित्राची एकच अट, सरावाचा डबा आधी तो दाबणार. आता शेवटचा प्रश्न, स्प्रे विमानात चालत नाही ना? आम्ही सॉल्ट लेक सिटीला उतरतोय.

कायदेपंडित_नव्हे
नाही. हँडबॅगेत नाही, चेक्ड बॅगेतही नाही. सॉल्ट लेकला किंवा पाइनडेलला विकत घ्या. घेताना एक्स्पायरी बघा आणि ईपीएचा (अमेरिकेची पर्यावरण संस्था) नोंदणी क्रमांक डब्यावर आहे ना ते बघा, माणसांसाठीचा की-चेनवाला पेपर स्प्रे उचलू नका.

मोगरा_८१
आणि परत येताना उरलेल्या डब्यांचं काय करायचं?

डेन्व्हरची_काकू
कचऱ्यात टाकू नका, दाबला गेला तर कचरा गोळा करणाऱ्याच्या तोंडावर फुटतो. ट्रेलहेडवर आत जाणारं कोणीतरी भेटतंच, न वापरलेला असेल तर त्यांना द्या. नाहीतर पाइनडेलच्या रेंजर ऑफिसात विचारा.

टेक्सासचा_पाटील
माझं मत बदललेलं नाही, पण मित्राने सरावाशिवाय गन न नेण्याचा निर्णय घेतला हे उत्तम झालं. परत आलात की टिटकॉम्बचे फोटो टाका, आणि नदी कुठे ओलांडावी लागली, पाणी किती होतं तेही लिहा. पुढच्या उन्हाळ्यात मला मुलीला घेऊन जायचंय.